महात्मा गांधी यांचे आहारविषयक जीवन

मोहनदास करमचंद गांधी (२ ऑक्टोबर १८६९, पोरबंदर – ३० जानेवारी १९४८, नवी दिल्ली) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्याचे प्रमुख नेते होते. त्यांच्या राजकीय चरित्राला समांतर असे त्यांचे आणखी एक चरित्र आहे. ते आहाराचे व पोटाच्या आरोग्याचे. कोंड्यासह दळलेली कणीक, हातसडीचा तांदूळ, कच्च्या पालेभाज्या आणि फळे यांचा पुरस्कार त्यांनी सुमारे चार दशके केला. आज ज्यांना आहारातील तंतुमय पदार्थ किंवा चोथा म्हणतात, ते याच अन्नात भरपूर असतात. विशेष म्हणजे याच काळात बद्धकोष्ठता, आमांश, गुदद्वाराच्या चिरा, आंत्रपुच्छाचा दाह आणि अंकुशकृमी अशी पोटाची दुखणी त्यांना एकामागून एक जडली. यांपैकी शेवटच्या तीन दुखण्यांवरील उपचार व विश्रांती महाराष्ट्रात, मुख्यतः मुंबई, पुणे व मुंबईच्या उपनगरातील जुहू येथे झाली. ग्रामोद्योगाच्या रूपाने त्यांचा आहारविचार सार्वजनिक झाला तोही वर्ध्यात.

बालपण व इंग्लंडमधील शिक्षण

गांधींचा जन्म वैष्णव घरात झाला. आई पुतळीबाई यांची व्रते व उपवास कडक असत. राजकोट येथे शाळेत असताना एका मित्राच्या आग्रहाने त्यांनी काही काळ चोरून मांसाहार केला. इंग्रज मांस खातात म्हणून ते बलवान आहेत, अशी समजूत त्या पिढीतील तरुणांत होती. आईवडिलांशी खोटे बोलावे लागते या जाणिवेने त्यांनी तो सोडला. १८८८ साली कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला जाण्यापूर्वी त्यांनी आईसमोर मांस, मद्य व परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली.

लंडनमध्ये पहिले काही महिने त्यांची उपासमारच झाली. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवरील एका शाकाहारी उपाहारगृहाचा शोध लागला. तेथे विकत घेतलेले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक वाचल्यावर आतापर्यंत केवळ शपथेपोटी पाळलेला शाकाहार त्यांनी विचारपूर्वक स्वीकारला. ते लंडन व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारी समितीचे सदस्य झाले आणि बेजवॉटर भागात त्यांनी एक छोटे शाकाहारी मंडळ काढले. त्यांचे पहिले छापील लेखनही या सोसायटीच्या साप्ताहिकातील, भारतीय आहार व सणांविषयीचे आहे. त्या वेळच्या इंग्लंडमध्ये शाकाहार, पांढऱ्या पावाला विरोध, औषधांविना उपचार आणि साधी राहणी या चळवळी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. गांधींच्या पुढील आहारविचारात या मिश्रणाचा वाटा भारतीय परंपरेइतकाच मोठा आहे. त्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते.

दक्षिण आफ्रिका

१८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रिटोरियात त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, पण तो थोड्याच दिवसांत सोडावा लागला. जोहान्सबर्ग येथे वकिली जोरात चालू असताना त्यांना बद्धकोष्ठता व वारंवार होणारी डोकेदुखी यांनी ग्रासले. अधूनमधून रेचक घेऊन ते काम चालवत. सकाळची न्याहारी बंद केल्यावर डोकेदुखी थांबली, मात्र बद्धकोष्ठता राहिली. जर्मन निसर्गोपचारक लुई कूने यांच्या पद्धतीच्या कटिस्नानाने थोडा उतार पडला. त्यानंतर अडॉल्फ जुस्ट यांच्या पुस्तकातील सूचनेप्रमाणे ओटीपोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवण्यास त्यांनी सुरुवात केली. मातीची पट्टी आणि एनिमा हे दोन उपाय त्यांनी अखेरपर्यंत वापरले. यांपैकी नित्य एनिमा घेण्याची सवय आजचे वैद्यक इष्ट मानत नाही.

या काळातील सर्वांत लक्षणीय बदल घरच्या पिठाचा होता. बेकरीचा पाव बंद करून त्यांच्या घरी कूने यांच्या कृतीनुसार कोंड्यासह कणकेचा, खमीर न घातलेला पाव भाजला जाऊ लागला. गिरणीचे पीठ त्याला चालेना, म्हणून गांधींनी ७ पौंडांना हाताने फिरवायचे एक जाते विकत घेतले. त्याचे लोखंडी चाक एकट्याला जड जाई. ते बहुधा गांधी, त्यांचे सहकारी हेन्री पोलॉक आणि मुले मिळून फिरवीत. कस्तुरबा व श्रीमती पोलॉक याही कधीकधी हात लावीत. भारतातील बहुतेक घरांत जात्यावर बसणे हे पहाटेचे आणि केवळ बायकांचे काम होते. वकिलाच्या घरातील पुरुषांनी दळायला बसणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

१९१० साली हर्मन कॅलनबाख यांच्या जमिनीवर टॉलस्टॉय फार्म सुरू झाला. तेथेही हाताने दळलेल्या गव्हाचा पाव, भुईमुगाचे लोणी आणि भाजलेल्या गव्हाची कॉफी असा आहार होता. १९१२ साली गांधींनी दूध सोडले. १९१३ साली इंडियन ओपिनियन या त्यांच्या पत्राच्या गुजराती विभागात आरोग्यावरील त्यांची लेखमाला आली. तिचे पुढे पुस्तक होऊन अनेक भाषांत भाषांतरे झाली.

१९१४ साली लंडनमध्ये त्यांना फुफ्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. तेव्हा त्यांनी डॉ. टॉमस ॲलिन्सन यांचा सल्ला घेतला. ॲलिन्सन हे कोंडायुक्त पावाचे इंग्लंडमधील कडवे पुरस्कर्ते होते. रूढ वैद्यकावर टीका केल्यामुळे १८९२ साली त्यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आले होते. त्यांनी गांधींना दूध न घेता तपकिरी पाव, किसलेली कच्ची कंदमुळे, पालेभाज्या व संत्री यांवर राहण्यास सांगितले. गांधींनी हा आहार तीन दिवस घेऊन पाहिला, परंतु कच्च्या भाज्या त्यांना मानवल्या नाहीत.

१९१८चा आमांश आणि माथेरान

१९१५ साली भारतात परतल्यावर गांधी मुख्यतः भुईमुगाचे लोणी व लिंबू यांवर राहत. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायी फिरताना त्यांना सौम्य आमांश झाला. पोट बिघडले असता लंघन करणे हा त्यांचा नेहमीचा उपाय होता. त्या दिवशी मात्र सण होता. कस्तुरबांनी तेलात केलेली गव्हाची गोड लापशी व मूग पुढे ठेवले आणि गांधींनी ते पोटभर खाल्ले. तासाभरात तीव्र आमांश सुरू झाला. औषध व दूध दोन्ही नाकारल्याने प्रकृती ढासळत गेली आणि मृत्यू जवळ आला असे त्यांना वाटू लागले. अहमदाबादच्या आश्रमात केळकर नावाच्या एका महाराष्ट्रीय गृहस्थांनी सर्वांगावर बर्फ लावण्याचा उपचार केला. त्याने थोडी हुशारी आली.

हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेण्यात आले. तेथील पाणी त्यांना जड गेले. आमांशामुळे गुदद्वाराला चिरा पडल्या होत्या आणि शौचाच्या वेळी इतक्या वेदना होत की खाण्याचीच धास्ती वाटे. आठवडा पूर्ण होण्याआधी त्यांना माथेरान सोडावे लागले. मुंबईत डॉ. दलाल यांनी दूध घेतल्याखेरीज शरीर भरून येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. गाय व म्हैस यांचे दूध शपथेमुळे वर्ज्य होते. तेव्हा शेळीचे दूध घेण्यास हरकत नसावी, असे कस्तुरबांनी सुचवले आणि गांधींनी ते मान्य केले. शपथेचे शब्द पाळले तरी तिचा आशय मोडला, ही खंत त्यांनी सत्याचे प्रयोग या आत्मकथेत नोंदवली आहे. त्यानंतर लवकरच डॉ. दलाल यांनी चिरांवर यशस्वी शस्त्रक्रिया केली.

गुदद्वाराच्या चिरांवर आज पहिला उपाय म्हणून भरपूर पाणी आणि तंतुयुक्त आहार सांगितला जातो. विष्ठा मऊ व भरीव झाली की चीर पुन्हा उघडत नाही. गांधींच्या बाबतीत मात्र चिरांचे मूळ आमांशात होते आणि उपासाने शरीर आधीच झिजले होते. अशा अवस्थेत त्यांना दुधाने तारले. कोंड्याच्या पुरस्कर्त्याच्या चरित्रातील ही घटना त्याच्या अनुयायांनी फारशी पुढे आणलेली नाही.

पुणे व जुहू, १९२४

मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांना येरवडा तुरुंगात ठेवण्यात आले. जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाच्या दाहामुळे त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवण्यात आले. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ती चालू असतानाच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली. आधुनिक वैद्यक व रुग्णालये यांवर त्यांनी पूर्वी कठोर टीका केलेली होती, त्यामुळे या शस्त्रक्रियेची देशभर चर्चा झाली.

मार्च ते मे १९२४ या काळात ते जुहू येथे समुद्रकाठी शेठ नरोत्तम मोरारजी यांच्या बंगल्यात विश्रांतीसाठी राहिले. अंधेरी व विलेपार्ले यांच्या पश्चिमेचे जुहू तेव्हा मुंबई शहराबाहेरचे, नारळीच्या बागांचे गाव होते. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली वेगळा झालेला होता. विश्रांती म्हणावी तशी मिळाली नाही. मोतीलाल नेहरू व चित्तरंजन दास यांच्याशी कौन्सिल प्रवेशाच्या प्रश्नावरील वाटाघाटी इथेच झाल्या आणि यंग इंडिया व नवजीवन यांचे संपादनही त्यांनी एप्रिलमध्ये इथूनच पुन्हा हाती घेतले.

कच्च्या अन्नाचा दुसरा प्रयोग

१९२९ साली साबरमती आश्रमात गांधींनी काही सहकाऱ्यांसह न शिजवलेल्या अन्नाचा मोठा प्रयोग केला. मोड आलेले गहू व हरभरे, पाला, खोबरे, मनुका, लिंबू व मध असा हा आहार होता. स्वतःचे वजन, शक्ती व शौच यांच्या नोंदी त्यांनी वाचकांपुढे ठेवल्या. काही महिन्यांतच अशक्तपणा व आमांश यांमुळे त्यांना तो थांबवून शेळीच्या दुधाकडे परतावे लागले. १८९३, १९१४ व १९२९ या तिन्ही प्रयोगांचा शेवट सारखाच आहे. भरड व कच्चे अन्न एकाएकी वाढवले तर आतड्यातील जिवाणूंना जुळवून घेण्यास अवधी मिळत नाही. पोट फुगते, वायू धरतो व जुलाब होऊ शकतात. म्हणूनच आहारातील तंतू हळूहळू आणि पाण्याच्या जोडीने वाढवण्यास सांगितले जाते. आधीच नाजूक झालेल्या आतड्यांच्या माणसाला हे अधिक लागू पडते.

वर्धा: हातसडी आणि जाते

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या ठरावानुसार डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग व इमारत दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव पडले. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे संघाचे चिटणीस होते.

संघाच्या पहिल्याच कार्यक्रमात पॉलिश न केलेला तांदूळ, जात्यावरची कणीक आणि साखरेऐवजी गूळ यांचा प्रचार होता. गांधींच्या दृष्टीने यात दोन प्रश्न एकत्र आले होते. भाताच्या व पिठाच्या गिरण्या वाढल्याने उखळावर कांडणाऱ्या व जात्यावर दळणाऱ्या लक्षावधी बायकांची मजुरी बुडत होती आणि गिरणीत तांदळाचा कोंडा व अंकुर निघून गेल्याने खाणाऱ्याच्या वाट्याला निकस धान्य येत होते. हरिजन साप्ताहिकातून त्यांनी यावर सातत्याने लिहिले व डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ यांची मते मागवली. चंद्रशेखर व्यंकट रामन, प्रफुल्लचंद्र राय, डॉ. जीवराज मेहता यांच्याप्रमाणेच कुन्नूरच्या पोषण संशोधनाचे प्रवर्तक सर रॉबर्ट मॅकॅरिसन हेही संघाच्या सल्लागारांत होते. भारताच्या वेगवेगळ्या प्रांतांचे आहार उंदरांच्या गटांना देऊन मॅकॅरिसन यांनी त्यांची वाढ तपासली होती. कोंड्यासह गव्हाची रोटी, दूध, डाळ व भाज्या असलेला शिखांचा आहार त्यात सर्वांत सरस ठरला; मराठ्यांचा आहार शीख व पठाण यांच्या खालोखाल आला आणि पॉलिशच्या तांदळावरील आहार तळाशी राहिले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. १९३०च्या दशकात हातसडीच्या तांदळाची बाजू मुख्यतः जीवनसत्त्वे व क्षार यांच्या आधारे मांडली जाई. पॉलिशच्या तांदळाने बेरीबेरी होतो, हे तेव्हा सिद्ध झालेले होते. चोथा शौचास साफ होण्यास मदत करतो एवढेच मानले जाई. त्याला स्वतःचे पोषणमूल्य आहे अशी कल्पना नव्हती. गांधींना आहारातील तंतूंचे द्रष्टे ठरवणारे लेखन हा फरक पुसून टाकते.

एप्रिल १९३६ मध्ये गांधी वर्ध्याजवळील सेगाव येथे राहायला गेले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमाच्या स्वयंपाकात मसाला व फोडणी नसे. उकडलेल्या भाज्या, जाड कणकेच्या पोळ्या, गूळ आणि कच्चा पाला असे जेवण असे. मुळ्याचा, गाजराचा व सलगमचा पाला लोक फेकून देतात, तो धुऊन कच्चा खावा असा त्यांचा आग्रह होता. कडुलिंबाच्या पाल्याची चटणी ते स्वतः नित्य घेत आणि पाहुण्यांनाही वाढत. पाहुण्यांच्या आठवणींत या चटणीचा उल्लेख हमखास सापडतो.

आगाखान पॅलेसमधील पुस्तक

ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झाल्यावर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांनी आरोग्याची किल्ली हे छोटे पुस्तक लिहिले. बैठे काम करणाऱ्या माणसाचा दिवसाचा आहार त्यात औंसांत दिला आहे: धान्य ६, पालेभाज्या ३, इतर भाज्या ५, कच्ची भाजी १, त्याशिवाय दूध २ पौंड, तूप किंवा लोणी, गूळ, लिंबू आणि ऐपतीप्रमाणे फळे. धान्य कोंड्यासह असावे अशी अट आहे. सालासकट दळलेल्या कणकेत दर १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. सर्व धान्य गहू धरले तर ६ औंस, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम कणकेतूनच १९ ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात. भाज्या व फळे मिळवल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेल्या दिवसाला किमान २५ ग्रॅम या प्रमाणापर्यंत हे ताट सहज पोहोचते.

डाळी मात्र या ताटात नाहीत. त्या पचायला जड असून अंगमेहनत करणाऱ्यांनाच हव्यात, असे गांधींचे मत होते. रोजच्या वरण-आमटी-उसळींवर वाढलेल्या महाराष्ट्राला हे पटणे कठीणच होते आणि आजचे आहारशास्त्रही येथे गांधींच्या बाजूचे नाही. डाळी व कडधान्ये यांतील विरघळणारे तंतू आतड्यातील जिवाणूंचे मोठे खाद्य आहेत.

जुहू, १९४४

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे याच पॅलेसमध्ये निधन झाले. त्यानंतर गांधींना मलेरिया झाला आणि ६ मे रोजी त्यांना सोडण्यात आले. ११ मे पासून ते जुहू येथे नरोत्तम मोरारजी यांचे पुत्र शांतिकुमार यांच्या बंगल्यात राहिले. ताप गेला तरी अशक्तपणा व रक्तक्षय हटेना. तपासणीत अंकुशकृमी आणि अमीबा या दोन्हींचा संसर्ग आढळला. अंकुशकृमी मातीतून, बहुधा अनवाणी पायांतून, शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतात. अमीबा दूषित पाणी व न शिजवलेल्या भाज्यांतून येतो. आहार कितीही शुद्ध असला तरी तो या संसर्गांवरील उपाय नव्हे. औषधाऐवजी आहार व निसर्गोपचार यांनीच बरे होण्याचा गांधींचा हट्ट डॉक्टरांना अडचणीचा ठरला. जुहूच्या या मुक्कामातच त्यांनी अंधेरीच्या प्रकाश स्टुडिओचे विजय भट्ट यांचा रामराज्य हा चित्रपट पाहिला.

मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळील उरुळी कांचन येथे त्यांनी गरिबांसाठी निसर्गोपचार केंद्र सुरू केले. श्रीमंतांच्या शहरी उपचारगृहापेक्षा खेड्यात, तेथे मिळणाऱ्या अन्नावर व मातीपाण्यावर हा प्रयोग व्हावा, असे त्यांना वाटत होते. काही दिवस रोग्यांना स्वतः तपासून त्यांनी पुढील काम मणिभाई देसाई यांच्याकडे सोपवले. हा निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे.

नंतरचे संशोधन

आहारातील तंतू ही संज्ञा एबेन हिप्सली यांनी १९५३ साली, गांधींच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, प्रथम वापरली. १९७०च्या दशकात आफ्रिकेत काम केलेले डॉक्टर डेनिस बर्किट व ह्यू ट्रॉवेल यांनी चोथ्याचा अभाव आणि बद्धकोष्ठता, मूळव्याध, मोठ्या आतड्याचे रोग, मधुमेह यांचा संबंध जोडला. पुढील संशोधनातून असे दिसले की मोठ्या आतड्यातील जिवाणू तंतू आंबवून ब्युटिरेटसारखी लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातील पेशी त्यांवर पोसल्या जातात. भरपूर तंतू खाणाऱ्यांत हृदयविकार, टाइप २ मधुमेह व मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण कमी आढळते.

आंत्रपुच्छाचा दाह हाही चोथ्याअभावी होतो, असे बर्किट यांचे अनुमान होते. त्याला मोठ्या आतड्याच्या विकारांइतका भक्कम आधार मिळालेला नाही. ससूनमध्ये १९२४ साली ज्या रुग्णाचे आंत्रपुच्छ काढावे लागले, त्याच्या घरी वीस वर्षांपूर्वीच सात पौंडांचे जाते आलेले होते.